हायड्रोजन रेषेचा रेडिओ संच: डब्यावरचा 'पहिला प्रकाश' सोडून द्या, माल चांगला आहे

'विश्वाचा पहिला प्रकाश घरबसल्या टिपा' अशी ओळ मिरवणारे रेडिओ दुर्बिणीचे छोटे संच आता ऑनलाइन सर्रास मिळतात. गोव्यातल्या शाळा, उच्च माध्यमिक विद्यालयं आणि हौशी आकाशनिरीक्षकांचा त्यांच्याकडे ओढा असण्याचं कारण उघड आहे. पावसाळ्याचे चार महिने साध्या दुर्बिणीला झाकण घालून ठेवावं लागतं, आणि उरलेल्या आठ महिन्यांत किनारपट्टीची रोषणाई आकाश फिकं करून टाकते. रेडिओला ढगांची अडचण नाही आणि मांडवीतल्या कॅसिनोंच्या दिव्यांचीही नाही. हे संच प्रत्यक्षात ऐकतात ती हायड्रोजनची रेषा, म्हणजे आकाशगंगेतले हायड्रोजनचे अणू सोडतात ती १४२० मेगाहर्ट्झची, २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ लहर. संच आम्हाला पसंत आहे. डब्यावरची ओळ मात्र चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे आधी न समजता पैसे टाकले तर पहिल्याच आठवड्यात फसवणूक झाल्यासारखं वाटेल.

डब्यात काय असतं

यूएसबी डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ ग्राहक), फिल्टर बसवलेला लो नॉइज अॅम्प्लिफायर (स्वतःचा गोंगाट फार न मिसळता संदेश मोठा करणारा), एसएमए या छोट्या स्क्रूच्या जोडण्यांच्या आखूड केबली आणि अँटेना. अँटेना दोन प्रकारचा मिळतो: वायफायसाठी बनलेली जाळीची डिश, किंवा पत्र्याचा घडीचा हॉर्न, म्हणजे कर्णा.

डोंगलच्या बाबतीत एकाच गोष्टीवर अडून बसा. आत टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाची भरपाई करणारा स्फटिक हवा. आरटीएल-एसडीआर ब्लॉगच्या व्ही३ मध्ये तो आहे; त्याची चूक दहा लाखांत एक भाग. १४२० मेगाहर्ट्झवर ही चूक १.४ किलोहर्ट्झ भरते, आणि वायू जवळ येतो वा दूर जातो तशी रेषा सरकत असल्यामुळे, हायड्रोजनच्या वेगात मोजली तर सेकंदाला ०.३ किलोमीटर. टीव्हीसाठी बनलेल्या स्वस्त डोंगलांची चूक ५० भागांपर्यंत असू शकते, म्हणजे सेकंदाला १५ किलोमीटर. शिवाय डोंगल तापेल तशी ती सरकत जाते, त्यामुळे संध्याकाळचा आलेख आणि पहाटेचा आलेख एकमेकांवर बसत नाहीत. व्ही३ चं अॅल्युमिनियमचं कवच हाताला चांगलंच गरम लागतं. तो दोष नाही, कवचच उष्णता बाहेर टाकतं. कापडात गुंडाळून ठेवू नका.

अॅम्प्लिफायर हा संचाचा जीव. नूएलेकचा सॉबर्ड प्लस एच१ याच कामासाठी बनवलेला आहे. त्याचा फिल्टर १४२० मेगाहर्ट्झभोवतीचाच पट्टा आत घेतो, वाढ किमान ४० डीबी (डेसिबल), नॉइज फिगर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गोंगाटाचं माप, ०.८ डीबीच्या आसपास. मोबाइल टॉवर आणि विमानतळाच्या उपकरणांचे संदेश त्याच्या दारातच अडतात. हा फिल्टर नसेल तर डोंगलमधला, संदेशाचे आकडे करणारा ८ बिटांचा कन्व्हर्टर त्यांनीच भरून जातो. अॅम्प्लिफायरला वीज डोंगलमधून, त्याच केबलवरून जाते. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'बायस टी'ची खूण करावी लागते. ती राहून गेली की अॅम्प्लिफायर बंद आणि आलेख सपाट. 'संच बिघडलेला आला' असं वाटलं की सगळ्यात आधी हेच बघा. खूण केल्याबरोबर गोंगाटाची पातळी उडी मारून वर गेली पाहिजे.

अॅम्प्लिफायर अँटेनाच्या बुडाशी, थेट जोडणीवर बसवायचा. सोबत मिळणारी केबल बघून बरेच जण तो खाली लॅपटॉपजवळ ठेवतात, आणि तिथेच निम्मा संच वाया जातो. हिशेब असा: ०.८ डीबी नॉइज फिगर म्हणजे अॅम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट ५९ केल्व्हिन (रेडिओत गोंगाट तापमानात मोजतात). त्याच्या आधी आरजी-५८ ची फक्त एक मीटर केबल घातली तर या वारंवारतेला पाऊण डीबी गळते, आणि केबल स्वतः तापमानाप्रमाणे गोंगाट घालते ती वेगळीच. एकूण आकडा १२४ केल्व्हिनवर जातो. अॅम्प्लिफायरच्या पुढे मात्र पाच-सात मीटर केबल टाकली तरी काही बिघडत नाही.

हॉर्न घ्या, डिश नको

जाळीच्या डिशचा फीड, म्हणजे डिशने गोळा केलेली लहर झेलणारा भाग, मुळात २.४ गिगाहर्ट्झचा असतो. १.४२ वर तो कसाबसा चालतो, पण कडेने जमिनीची ऊब भरपूर आत घेतो. डिशची सळ्यांची जाळी एकाच ध्रुवणाच्या, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, लहरी परतवते. हायड्रोजनची रेषा अध्रुवित असल्यामुळे डिश उभी लावा की आडवी, मिळणारा हिस्सा तेवढाच. हॉर्न दिसायला ओबडधोबड, पण मागून आणि कडेने फार कमी ऐकतो. तोंड ६० सेंटिमीटरचं असेल तर झोत सुमारे २० अंशांचा पडतो. अभ्यासाच्या कामाला तेवढा पुरे.

हॉर्न संचासोबत घ्यायलाच हवा असंही नाही. पत्रेकाम करणारा कोणीही अर्ध्या मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमचा बनवून देईल. गडबड होते ती त्याच्या मागच्या डब्यात, जिथे लहर टिपणारी तांब्याची काडी बसते. घरात सापडतो म्हणून खाद्यतेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा वापरायचा मोह होतो. त्याची रुंदी २३ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि १४२० मेगाहर्ट्झला ती जास्त होते. आत एकापेक्षा जास्त प्रकारच्या लहरी चालतात आणि झोताचा आकार बिघडू शकतो. गोल डबा घ्या. आतला व्यास १२.४ सेंटिमीटरच्या खाली असेल तर लहर आत शिरतच नाही, १६.२ च्या वर गेला तर दुसरा प्रकार सुरू होतो. १५ किंवा १६ घ्या, लांबी किमान २८.

काडी मागच्या पत्र्यापासून किती अंतरावर लावायची हे व्यासावर ठरतं. १५ सेंटिमीटरच्या डब्यात ९.३ सेंटिमीटर, १६ च्या डब्यात ८.३. इथे हवेतली तरंगलांबी, म्हणजे २१.१ सेंटिमीटर, धरून चौथा हिस्सा ५.३ काढला की घोळ झालाच. डब्याच्या आत लहर लांबते. ५.३ हा आकडा काडीच्या लांबीसाठी आहे. तेवढी ठेवून सुरुवात करा आणि एकेक मिलिमीटर कापत जा. हाताशी नॅनोव्हीएनए (अँटेनाकडून परतणारी लहर मोजणारं छोटं उपकरण) असेल तर परतणारी लहर सर्वांत कमी कुठे होते ते बघून थांबा. नसेल तर ५ सेंटिमीटरवर सोडून द्या, फारसं नुकसान नाही.

परत पाठवण्याची मुदत संपण्याआधी करायची परीक्षा

सॉफ्टवेअरमधली आपोआप वाढ ठरवण्याची सोय बंद करा. ट्यूनरची वाढ मध्यावर ठेवून पक्की करा. अँटेना मोकळ्या आकाशाकडे रोखून पातळी नोंदवा, मग तोच अँटेना जमिनीकडे वळवा. जमीन ३०० केल्व्हिनला असते, आकाश जेमतेम दहाएक केल्व्हिनला. हॉर्नमध्ये फरक ५ डीबीच्या आसपास आला तर संच उत्तम. डिशमध्ये ४ आला तरी चालेल. ३ च्या खाली असेल तर एसएमए जोडणी सैल आहे, काडीचं डाखकाम कच्चं आहे, किंवा अॅम्प्लिफायरच खराब आहे. अशा वेळी आणखी खटपट न करता वस्तू बदलून मागा.

परीक्षेच्या वेळी 'मोकळं आकाश' खरंच मोकळं हवं. माडाची झावळी झोतात आली तर तीही ३०० केल्व्हिनला तापलेली वस्तूच आहे, आणि पावसाने भिजलेली असेल तर आणखी दाट. गच्चीवरून डोक्यावर बघणं गोव्यात त्यामुळेच सोयीचं.

डोक्यावर रोखा आणि सोडून द्या

पणजीचा अक्षांश १५.५ अंश. आकाशगंगेचा पट्टा बरोबर तेवढीच क्रांती (आकाशातला अक्षांश) दोन ठिकाणी ओलांडतो: एकदा गरुडाच्या उत्तर कडेला, एकदा मृग आणि मिथुन यांच्या सीमेवर. म्हणजे हॉर्न बादलीत किंवा विटांच्या चौकटीत सरळ वर तोंड करून ठेवला, तर फिरवायची यंत्रणा न घेताही आकाशगंगा दिवसातून दोनदा आपणहून झोतातून जाते. २२ डिसेंबरच्या सुमारास मृग-मिथुनाकडचा बिंदू रात्री पाऊणच्या सुमारास डोक्यावर येतो आणि गरुडाकडचा दुपारी दोनच्या सुमारास. पुढे रोज चार मिनिटं लवकर. दुपारचं निरीक्षण सोडू नका. सूर्य तेव्हा दक्षिणेला बराच खाली असतो, झोतात येत नाही, आणि शाळेच्या वेळेत हे करता येतं.

सॉफ्टवेअर म्हणून एसडीआर शार्प आणि त्याचं सरासरी काढणारं आयएफ अॅव्हरेज प्लगइन पुरेसं आहे. नमुन्यांचा वेग २.४ मेगाहर्ट्झ ठेवा. त्याच्या वर गेलात तर नमुने गळू लागतात. वारंवारतेचे ५१२ खाने घेतले तर एक खाना ४.७ किलोहर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ बरोबर सेकंदाला १ किलोमीटर वेगाचा होतो. एकूण गोंगाट १५० केल्व्हिन धरला तर पाच मिनिटांच्या सरासरीत आलेखाची थरथर ०.१३ केल्व्हिनवर येते. आकाशगंगेतल्या हायड्रोजनचं शिखर या झोतात काही दशक केल्व्हिन भरतं, त्यामुळे पाच मिनिटांत दिसलंच पाहिजे. तासभर थांबून दिसत नसेल तर आणखी थांबूनही दिसणार नाही, बिघाड शोधा.

नुसता आलेख घमेल्यासारखा वाकडा येतो, तो डोंगलच्या फिल्टरचा आकार. आकाशगंगा झोतात नसताना तितकाच वेळ घेतलेल्या आलेखाने त्याला भागा. अँटेनाऐवजी ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे ठरावीक रोधाची टोपी, लावून घेतलेल्या आलेखाने भागायची युक्ती बऱ्याच जागी सुचवलेली दिसते. ती आम्हाला पटत नाही. अँटेनाची जुळणी आणि टर्मिनेटरची जुळणी वेगळी असते, आणि भागाकारात लाटा उमटतात.

दिसतं ते असं. मृग-मिथुनाकडे बघताना आपण आकाशगंगेच्या केंद्राच्या जवळजवळ विरुद्ध दिशेला बघत असतो, तिथला वायू आपल्याला आडवा जातो, म्हणून शिखर एक आणि अरुंद. गरुडाकडे मात्र डोंगररांग दिसते: तिथला काही वायू आपल्यापासून सेकंदाला ५० किलोमीटरपर्यंत वेगाने दूर जातो आणि रेषा १४२०.४ च्या खाली पाव मेगाहर्ट्झभर ओढली जाते. हे आकडे तपासण्याआधी पृथ्वीचा स्वतःचा वेग वजा करायला विसरू नका. मृग-मिथुनाकडच्या बिंदूपासून ती मार्चमध्ये सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने दूर जात असते आणि सप्टेंबरमध्ये तितक्याच वेगाने जवळ. दुरुस्ती न करता दोन महिन्यांचे आलेख शेजारी लावले की विद्यार्थी आकाशगंगेचा नवाच बाहू शोधून काढतात.

बाहेरचा त्रास कमी असतो, कारण १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रक्षेपणाला जगभर मनाई आहे. घरातलाच त्रास जास्त: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, यूएसबी ३ ची जोडणी, लॅपटॉपचा चार्जर. आलेखात सुईसारखी बारीक रेघ आली आणि ती तासभर जागची हलली नाही, तर ती आकाशातली नाही. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की निम्म्या सुया जातात.

आता डब्यावरची ओळ

'पहिला प्रकाश' म्हणताना तीन निराळ्या घटना एकत्र कालवलेल्या असतात. पहिली, फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, भरभरून तयार झाले ती: महास्फोटानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करत होते आणि त्यातून प्रकाश निघत होता. आजही विश्वातल्या प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे दीड अब्जाहून जास्त फोटॉन आहेत, ते या काळाचं देणं. पण तो प्रकाश कुठेच जाऊ शकत नव्हता. मोकळे इलेक्ट्रॉन त्याला पावलोपावली वळवत होते. दुसरी घटना ३ लाख ८० हजार वर्षांनी घडली. तापमान ३००० केल्व्हिनवर उतरलं, प्रोटॉनांनी इलेक्ट्रॉन धरले, हायड्रोजनचे अणू झाले आणि प्रकाश सुटला. त्याच्या तरंगलांब्या आजवर सुमारे ११०० पट ताणल्या गेल्या, तोच २.७२५ केल्व्हिनचा सूक्ष्मलहरी पार्श्वप्रकाश, दर घन सेंटिमीटरला सुमारे ४११ फोटॉन. तिसरी घटना पहिल्या ताऱ्यांची, त्यानंतर दहा-वीस कोटी वर्षांनी. मधला सगळा काळ अंधाराचा.

संचाची जाहिरात बोलते ती दुसऱ्या घटनेबद्दल. हा पार्श्वप्रकाश तुमच्या हॉर्नमध्ये शिरतो, यात खोटं काही नाही. पण तो १५० पैकी २.७ केल्व्हिन भरतो, दोन टक्क्यांहून कमी. डीबीत ०.०८. दुपारच्या उन्हात अॅम्प्लिफायर तापला की त्याची वाढ याहून जास्त घसरू शकते. डोक्यावरच्या हवेचे २ केल्व्हिन, हॉर्नच्या कडेने येणारी जमिनीची ऊब, जोडण्यांतली गळती, हे सगळं अर्ध्या केल्व्हिनपर्यंत मोजून वजा केल्याशिवाय तो वेगळा काढता येत नाही. पेंझियस आणि विल्सन यांनी १९६४-६५ मध्ये ४०८० मेगाहर्ट्झवर तो शोधला तेव्हा तुलनेसाठी द्रव हेलियमने थंड केलेला संदर्भ वापरला होता, आणि तरी त्यांचं उत्तर ३.५ केल्व्हिन, एक केल्व्हिन इकडेतिकडे, असं होतं. गच्चीवरच्या संचात द्रव हेलियम नाही. तेव्हा स्पीकरमधून येणारी खरखर 'महास्फोटाचा आवाज' म्हणून विज्ञान प्रदर्शनात ऐकवू नका. ती नव्वद टक्क्यांहून जास्त तुमच्याच अॅम्प्लिफायरची, जोडण्यांची आणि जमिनीची आहे.

संच जे खरोखर दाखवतो त्याचं या कहाणीशी नातं आहे, आणि ते विक्रेत्याला सुचलेलं दिसत नाही. प्रकाश सुटला तो हायड्रोजन तयार झाला म्हणून, आणि २१ सेंटिमीटरची रेषा त्याच हायड्रोजनची. आकाशगंगेतले बरेच अणू मधल्या काळात ताऱ्यांच्या प्रकाशाने फुटले आणि पुन्हा जुळले, पण त्यांतले प्रोटॉन अगदी आरंभीचे. एकटा अणू ही लहर सरासरी १.१ कोटी वर्षांत एकदाच सोडतो. ती ऐकू येते ती निव्वळ अणूंच्या संख्येमुळे. व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये तिचं भाकीत केलं आणि १९५१ मध्ये हार्वर्डला युएन आणि पर्सेल यांनी खिडकीबाहेर काढलेल्या हॉर्नने ती पकडली. वर तोंड केलेल्या त्या हॉर्नमधून पावसाचं पाणी प्रयोगशाळेत येत असे. पन्हळीखाली हॉर्न ठेवणाऱ्या गोवेकरांनी नोंद घ्यावी.

पहिल्या ताऱ्यांच्या आसपासचा हायड्रोजन हीच लहर सोडतो किंवा शोषतो, पण ती ताणली जाऊन आपल्याकडे एफएमच्या आसपास पोचते. पणजीचं एफएम रेनबो १०५.४ मेगाहर्ट्झवर लागतं. त्या जागी येणारी हायड्रोजनची लहर विश्व सुमारे ३५ कोटी वर्षांचं असतानाची. २०१८ मध्ये एजेस या प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झवर अर्ध्या केल्व्हिनची खाच दिसल्याचं जाहीर केलं, तीही हजाराहून जास्त केल्व्हिनच्या आकाशात. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने सारस ३ हा अँटेना २०२० मध्ये कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या जलाशयावर तरंगत ठेवून मोजणी केली. अँटेनाखाली दगडमातीऐवजी एकसारखं पाणी असावं, हा उद्देश. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात ती खाच आढळली नाही. हे काम या संचाच्या आवाक्यात कधीच येणार नाही, आणि कोणी 'अपग्रेड' म्हणून ७० ते ११० मेगाहर्ट्झचा अँटेना विकायला आला तर त्याला नमस्कार करून परत पाठवा.

खारी हवा

१४२० मेगाहर्ट्झला हवेतली आर्द्रता जवळजवळ दिसतच नाही. ती त्रास देते ती धातूला. अॅल्युमिनियमचा पत्रा आणि पितळी जोडणी जिथे टेकतात तिथे खाऱ्या दमटपणात पांढरी भुकटी धरते, संपर्क जातो, आणि जमिनीच्या परीक्षेचा ५ डीबी आकडा हळूहळू ३ वर येतो. जोडणी कसून झाल्यावर तिच्यावर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळा, नुसती काळी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते. हॉर्नच्या तोंडावर साधं पॉलिथिन ताणून बांधा, लहर त्यातून आरपार जाते. ते मध्ये खोलगट होऊ देऊ नका, पाण्याचा थर साचला की रेषा मंदावते. डब्याच्या बुडाला ३ मिलिमीटरचं एक भोक ठेवा. एवढ्या भोकाने काही गळत नाही आणि साचलेलं पाणी निघून जातं. जाळीचा हॉर्न करायचा तर कोंबड्यांची अर्ध्या इंचाची जाळी चालते, भोकं २ सेंटिमीटरच्या खाली असली की झालं, पण समुद्राजवळ ती एका पावसाळ्यात गंजू शकते.

ज्यांच्या जवळपास पत्रेकाम करणारा आहे त्यांनी पूर्ण संच घेऊ नये. डोंगल आणि अॅम्प्लिफायर सुटे घ्यावेत, हॉर्न इथेच करून घ्यावा, आणि वाचलेल्या पैशांत दुसरा अॅम्प्लिफायर आणून ठेवावा. गच्चीवर उघड्यावर राहणारा तोच असल्यामुळे आधी तोच जातो. पूर्ण संच घ्यायचाच असेल तर हॉर्नवाला घ्या, आणि विक्रेत्याला डोंगलमध्ये टीसीएक्सओ आहे का ते लेखी विचारा.